सोळा ढोलांपुढं

तात्याबा देवकात्याचा ढोल घुमायला लागला की भीमेच्या पलीकडं ऐकू जातो, असं वस्तीवरची माणसं सांगायची. सांगण्यात थोडी भर असेल, पण फार नाही. शिरूर तालुक्याच्या पार टोकाला, नदीच्या अलीकडच्या अंगाला ही देवकातेवस्ती. बाजाराला शिरूर, आगगाडी धरायची तर दौंड. एके काळी वस्तीवरचं प्रत्येक घर मेंढरं राखायचं. दिवाळी झाली की बिऱ्हाडं घोड्यावर लादून कोकणात उतरायचं आणि मिरगाच्या आधी घाट चढून परत यायचं. तात्याबाही चाळिशीपर्यंत असाच हिंडला. पुढं नदीचं पाणी पाइपातून शिवारात आलं, मेंढरं विकली गेली, कांदा आणि ऊस आला. मेंढरं गेली तरी बिरोबा राहिला आणि बिरोबापुढं गजीच्या नाचाला वाजणारे ढोल राहिले. एका वेळी सोळा ढोल. पुढारी तात्याबा.

ढोलाइतकाच त्याचा गळा. रात-रात ओव्या म्हणायचा. त्यात एक चाल त्याची स्वतःची होती. ती कुणाकडून आलेली नव्हती. कोकणातून परतताना दमलेली मेंढरं घाटात बसकण मारायची, तेव्हा त्यांना उठवायला त्यानं ती धरली होती. दोन पावलं चढावीत तशी ती दोन सूर चढायची, तिसऱ्यावर दम खात लांब थांबायची आणि मग उतारावरून घरंगळावी तशी खाली यायची. तात्याबाच्या खांद्यावर बसून त्याच्या पटक्याला धरून घाट चढलेल्या त्याच्या पोरानं, शंभूनं, बोलायला शिकण्याआधी ही चाल ऐकली होती. वस्तीवर तिला घाटाची चाल म्हणत.

शंभू एकुलता. गावात सातवीच्या पुढं शाळा नव्हती म्हणून बानूबाईनं त्याला दौंडला आपल्या भावाकडं ठेवला. भाऊ रेल्वेत गँगमन, कॉलनीत क्वार्टर. शंभू दहावीला बसला, नापास झाला, परत बसला. पण मधल्या काळात त्याला भलतंच वेड लागलं. कॉलनीच्या मागच्या गल्लीत बाळासोची बेंजो पार्टी होती. लग्नाच्या वराती, गणपती, साहेबांचे निरोप समारंभ, सगळीकडं त्यांची गाडी जायची. शंभू तिथं जाऊन बसायचा. आधी झांज धरली, मग खंजिरी, आणि दोन वर्षांत बाळासोनं बेंजोच त्याच्या हातात दिला. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या, आणि आवाज हातगाडीवरच्या कर्ण्यांतून बाहेर. सिनेमाचं गाणं सकाळी रेडिओवर ऐकलं की संध्याकाळी शंभू ते वाजवायचा.

तात्याबाला कळलं तेव्हा तो दौंडला जाऊन स्वतः ऐकून आला. आल्यावर बानूबाईला म्हणाला, "पत्र्याच्या डब्यात मांजर कोंडल्यागत आवाज येतुया. आन् ह्यो तिच्या शेपटीवर बोटं नाचवतुय."

"पोराला आवडतं त्ये," बानूबाई म्हणाली.

"आवडतं म्हंजी? कातडं न्हाई, लाकूड न्हाई, दम न्हाई. बटान दाबलं की सूर. ह्याला काय वाजवणं म्हणत्यात?"

शंभू सुटीला घरी आला की बाप त्याला ढोल गळ्यात घालायला लावायचा. शंभू घालायचा, वाजवायचाही, वाईट वाजवत नव्हता. पण ढोल गळ्यात असला तरी मन दौंडला होतं आणि ते तात्याबाला दिसायचं. दिसलं की तो जास्तच बोलायचा. शंभू उलट बोलणारा नव्हता. खाली मान घालून ऐकून घ्यायचा आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं निघून जायचा.

एक्क्याण्णव सालच्या चैत्रातल्या जत्रेला वस्तीवरच्या तरण्या पोरांनी तात्याबाला न विचारता बाळासोची पार्टी ठरवली. कळल्यावर तात्याबा देवळात जाऊन भांडला. पोरं म्हणाली, "आबा, गजी तर हायच की. तुमी पुढं, बेंजो मागं. पालखी टेकली की तुमी बसा, तवर त्ये वाजवत्याल." हौसरावानं, म्हणजे तात्याबाच्या उजव्या हाताला ढोल धरणाऱ्या त्याच्या जोडीदारानंही समजूत काढली. तात्याबा गप्प बसला, पण कबूल झाला असं नाही.

जत्रेच्या दिवशी सकाळी पालखी नदीवर गेली, देवाला आंघोळ घातली आणि ऊन चढायच्या वेळेला परत येऊन देवळापुढच्या लिंबाखाली टेकली. गजीवाल्यांनी ढोल उतरवले. अंग भंडाऱ्यानं पिवळं झालेलं, तंबाखूची चंची फिरायला लागली. बेंजोची हातगाडी पुढं आली. पहिली दोन गाणी सिनेमातली झाली. पोरं नाचली, बायका तोंडाला पदर लावून हसल्या, दौंडहून आलेल्या पाहुण्यांनी शिट्ट्या मारल्या. तात्याबा लिंबाच्या मुळीवर बसून बघत होता. आपण सकाळपासून सोळा जणांनी घाम गाळला तेव्हा एकही शिट्टी वाजली नाही, हे त्याच्या मनात घोळत होतं.

मग बेंजो थांबला. बाळासोनं ताशेवाल्याला हातानं थांबवलं. शंभू एकटाच गाडीपाशी उभा राहिला. त्यानं मान वर करून माणसांच्या डोक्यांवरून नेमकं बापाकडं बघितलं. जरासा हसलाही. मग खाली वाकून त्यानं वाजवायला सुरुवात केली.

ते बघणं तात्याबाच्या काळजात घुसलं. बघ म्हातार्‍या, गाव कसं नाचवतो ते बघ, असंच त्याला त्या नजरेत दिसलं. कर्णा खरखरत होता, पोरं कालवा करत होती, एक बारकं पोर मोठ्यानं रडत होतं. तात्याबानं काही ऐकलं नाही. तो उठला, ढोल गळ्यात घातला आणि टिपरू हाणलं. पुढाऱ्याचा ढोल वाजला की बाकीच्यांनी उठायचं ही वर्षानुवर्षांची सवय. हौसराव उठला, मग तिसरा, मग सगळे. सोळा ढोल एकदम उठले. देवळाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

तात्याबा वाजवत वाजवत पुढं सरकला. माणसं बाजूला झाली. लोकांना वाटलं, बाप-लेकाची जुगलबंदी लागली. शिट्ट्या आता इकडं वाजायला लागल्या. तात्याबा हातगाडीला ढोल टेकेल इतका जवळ गेला. समोर शंभूची बोटं तारेवर चाललेली दिसत होती, आवाज मात्र शून्य. थोडा वेळ ती बोटं तशीच चालली. मग थांबली. शंभूनं बापाकडं परत बघितलं नाही. गाडीवरचं फडकं उचललं, बेंजोवर घातलं आणि चारी बाजूंनी नीट खोचलं.

लोकांनी तात्याबावर भंडारा उधळला. "सोळा ढोलांपुढं बेंजो मेला!" कुणीतरी ओरडलं आणि तेच वाक्य पुढं वस्तीवर रूढ झालं.

शंभू जेवायला थांबला नाही. महिन्याभरात त्यानं पार्टी सोडली, दौंडही सोडलं. शिरूरला मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर कामाला लागला. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. पोरगी झाली, तिचं नाव सोनम ठेवलं. रांजणगावला कारखाने आले तसा तो तिथं नोकरीला लागला आणि शिरूरमध्येच खोली करून राहिला. दिवाळीला येताना बापाला धोतरजोडी आणायचा, आईला लुगडं आणायचा, दोघांच्या पाया पडायचा, शेताची चौकशी करायचा. कुठं काही कमी नाही. तात्याबाला वाटायचं, पोरगं मार्गाला लागलं. आपण त्या दिवशी एक केलं ते बरंच केलं.

आणि हे तो नुसतं मनात ठेवायचा नाही. जत्रेचा विषय निघाला की रंगवून सांगायचा. शंभूच्या सासऱ्यापुढं सांगितलं. शंभू स्वतः समोर बसलेला असताना सांगितलं. "बोटं चालत्यात आन् आवाज न्हाई, मुक्या माणसावानी!" असं म्हणून तो मांडीवर हात मारून हसायचा. शंभूही त्या वेळी हसल्यासारखं करायचा आणि उठून पाणी प्यायला जायचा.

दहा वर्षं अशी गेली.

तात्याबाचे कान हळूहळू गेले. आधी उजवा, मग डावा. बानूबाई हाक मारून थकायची. शेवटी तिनं भावाला सांगितलं आणि भावानं दौंडच्या एका डॉक्टरकडं नंबर लावला. डॉक्टरनं कानात बत्ती घालून बघितलं, कागदावर खुणा केल्या आणि मोठ्यानं विचारलं, "आबा, काम काय करायचा?"

"शेती. आन् ढोल."

"ढोलानंच गेलेत. आता जे राहिलंय ते जपा. फार जवळून वाजवू नका."

तात्याबा बाहेर पडला. मेव्हण्याची ड्युटी होती म्हणून तो एकटाच होता. स्टेशनच्या बाहेर चहाच्या गाड्यापाशी उभा असताना कुणीतरी खांद्याला हात लावला. वळून बघितलं तर पोट सुटलेला, केस पांढरे झालेला बाळासो. त्यानं वाकून पाय धरले.

"ओळखलं का आबा?"

"काय?"

"वळाखलं का!" बाळासो ओरडला. तात्याबानं कानाकडं बोट दाखवलं. तेव्हापासून बाळासो सगळंच ओरडून बोलायला लागला. पार्टी मोडली, आता मंडप आणि मोठे साउंड भाड्यानं देतो, असं त्यानं सांगितलं. शंभूची चौकशी केली. तात्याबानं नोकरीचं सांगितल्यावर तो मान हलवत राहिला.

"लई गुणी हात हुता, आबा. असा हात मला परत मिळाला न्हाई. त्या दिवशी तुमच्या जत्रंत..." तो थांबला. "आता झालं त्ये झालं. पन आबा, तुमचीच चाल हुती हो ती! पोरानं आमा सगळ्यांकडनं तांब्यासारखी घासून घेतली हुती. माझ्या आबाची चाल हाय, एक सूर चुकला तर याद राखा म्हनायचा. त्या घाटाच्या चालीत तिसरा सूर लांबवत्यात न्हवं? तारेवर सूर थांबत न्हाई. म्हनून ह्यो बोट थरथरवून थरथरवून त्यो धरून ठिवायचा. बोटांतनं रगत निघायचं. देवापुढं आबाला ऐकवायचं, येवढं एकच डोक्यात."

चहा पिणारी माणसं वळून बघत होती. बाळासो हे सगळं, समोरच्याला ऐकू जावं म्हणून, रेल्वे फलाटावर हमाल ओरडतात तसं ओरडून सांगत होता. तात्याबाला दहा वर्षांत एखादी गोष्ट इतकी स्वच्छ ऐकू आली नव्हती. त्याच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

"आमाला वाटलं तुमाला राग आला," बाळासो म्हणाला. "धनगराची चाल ह्या डबड्यावर आनली म्हनून."

तात्याबानं ग्लास गाड्यावर ठेवला आणि एस्टी स्टँडकडं चालायला लागला. बाळासो मागून हाका मारत राहिला. त्या हाका मात्र त्याला खरंच ऐकू आल्या नाहीत.

घरी आला तर बानूबाई लसूण सोलत बसली होती. डॉक्टर काय म्हणाला असं तिनं खुणेनं विचारलं. तात्याबा समोर टेकला.

"त्या जत्रंत शंभ्यानं माझी चाल लावली हुती. तुला ठाव हुतं?"

बानूबाईचा हात थांबला. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग जवळ सरकून त्याच्या डाव्या कानापाशी बोलली, "मी गाडीपाशीच हुते की. समद्या बायकांनी वळाखली. शेजारची सरूबाई रडली बी. अवो, समद्या वस्तीला ठाव हाय. तुमाला न्हाई?"

"मला ऐकू आलंच न्हाई."

"तवा तर तुमचं कान धड हुतं!"

"आलं न्हाई ऐकू," तात्याबा परत म्हणाला.

बानूबाईनं हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. तिच्या तोंडावर राग, कीव, काय होतं ते त्याला कळलं नाही. "मला वाटलं, ऐकून बी केलं," ती म्हणाली. "म्हनून मी कवा इचारलं न्हाई. इचारून काय करायचं हुतं?"

म्हणजे दहा वर्षं ही बाई आपल्याला असा माणूस समजून आपल्या घरात नांदली. हौसराव असंच समजत आला, सरूबाई असंच समजत आली. आणि आपण चारचौघांत तीच गोष्ट हसत हसत सांगत होतो, तेव्हा समोरची माणसं काय म्हणून हसत होती? शंभू उठून पाणी प्यायला जायचा. तात्याबाला ते एकेक पाणी प्यायला जाणं आठवायला लागलं. सासऱ्याच्या ओसरीवरून गेला होता. बारशाच्या पंगतीतून गेला होता. तात्याबाला भाकरी गोड लागेना. रानात पाण्याची दारं धरताना एका जागी उभा राहायचा आणि वाफा फुटून पाणी वाहून जायचं.

शंभूला सांगायचं, हे त्यानं ठरवलं. पण ठरवणं वेगळं. शेवग्याच्या शेंगा घेऊन शिरूरला गेला, खोलीवर जाऊन बसला, शेंगांबद्दल बोलला आणि परत आला. नव्या कांद्याची पात घेऊन गेला, पातीबद्दल बोलून परत आला. प्रत्येक खेपेला बानूबाई दारात उभी असायची. ती नुसती बघायची आणि त्याच्या तोंडावरून ओळखून आत जायची.

अशाच एका खेपेला तो जिन्यानं वर चढत असताना खोलीतून गाण्याचा धडाका येत होता. त्याच्या कानांनासुद्धा जिना हादरल्यासारखं जाणवलं. दारात पाऊल टाकलं आणि एकदम शांत झालं. सोनम टेपपाशी उभी होती, बटणावर बोट तसंच.

"का बंद केलं?" त्यानं विचारलं.

सोनम त्याच्या कानाशी आली. सात-आठ वर्षांची पोर, शिरूरच्या शाळेतलं स्वच्छ बोलणं. "पप्पांनी सांगितलंय, आबा आले की टेप बंद करायचा. आबांना आवडत नाही."

"कवापासनं सांगितलंय?"

"पहिल्यापासून."

तात्याबा पलंगावर बसला. "लाव," तो म्हणाला.

"नको. पप्पा रागावतील."

"मी सांगतुय न्हवं. लाव."

तिनं भीत भीत लावलं. तात्याबा टेपला कान लावून बसला. मशीनच्या ठोक्यावर एक बाई आणि एक बाप्या एकाच ओळीभोवती घिरट्या घालत होते. त्याला ते अजिबात आवडलं नाही. आवडून घ्यायचा त्यानं प्रयत्न केला, डोळे मिटले, मांडीवर ताल धरून बघितला. तरी नाहीच. सोनम त्याच्याकडं बघत होती आणि तिच्या नजरेत तीच जरा भीती, जरा हसू. त्याला दहा वर्षांमागची, हातगाडीपाशी उभ्या शंभूची नजर आठवली. ती आव्हान देणारी नव्हती. त्या नजरेत 'बघा, तुम्हाला आवडतंय का' एवढंच विचारलेलं होतं.

"चांगलं हाय," तो म्हणाला.

"खोटं!" सोनम हसत म्हणाली.

त्या दिवशी शंभूची दुसरी पाळी होती. जेवण झाल्यावर तो बापाला एस्टी स्टँडवर सोडायला आला आणि तिथूनच कंपनीच्या बसला जाणार होता. एस्टी लागली नव्हती. दोघे बाकावर बसले. शंभूच्या अंगावर कंपनीचा निळा शर्ट, मांडीवर डबा. कंडक्टर-ड्रायव्हरांची ये-जा चालली होती. कांद्याच्या पिशव्या घेऊन माणसं बसली होती.

"शंभू," तात्याबा एकदम म्हणाला, "त्या दिवशी मला ऐकू आलं न्हाई."

कोणत्या दिवशी, असं शंभूनं विचारलं नाही. तो समोर बघत राहिला.

"माझी चाल हाय ह्ये मला ऐकू आलं न्हाई. देवाशपथ. तू माझ्याकडं बघितलंस, मला वाटलं खिजवतुयास. म्हनून उठलो. दौंडला बाळासो भेटला त्यानं सांगितलं, तवा कळलं. त्येच्या आधी ठाव न्हवतं. आन् मी समद्यांला सांगत बसलो, तुझ्यादेखत..." ढोलाच्या वादीला धरून धरून वाकडी झालेली बोटं त्यानं धोतराच्या सोग्यात लपवली.

शंभूनं मांडीवरचा डबा जवळ ओढला. मग काहीतरी बोलला, पण समोर बघूनच आणि हळू.

"काय?" तात्याबानं विचारलं.

शंभूनं परत म्हटलं. परत ऐकू आलं नाही. शेवटी तो वळला, बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणाला, "ऐकू आलं असतं, तर थांबला असता का?"

शेजारची बाई वळून बघायला लागली.

हो म्हणायचं. एवढंच बाकी होतं. हो म्हटलं असतं तर पोराला बरं वाटलं असतं, आपलंही ओझं उतरलं असतं आणि एस्टीत बसून घरी जाता आलं असतं. तात्याबाच्या तोंडापर्यंत ते आलं. पण त्याला त्या वेळचा तात्याबा नीट आठवत होता. पिवळ्या अंगाचा, ताठ मानेचा, कातड्याशिवाय वाजतं ते वाजणंच नव्हे म्हणणारा. त्या माणसाच्या कानावर स्वतःची चाल त्या खरखरत्या कर्ण्यातून पडली असती तर त्यानं काय केलं असतं?

"न्हाई," तो म्हणाला. "तवा थांबलो नसतो. आणखी जोरानं बडवला असता."

शंभूनं डब्याची कडी उघडली, लावली. परत उघडली.

"मला वाटायचंच," तो म्हणाला. बापाच्या कानाशीच बोलत होता. "आबा, तुमी व्हय म्हनला असता तर मी मान डोलावली असती. आन् मनात म्हनलं असतं, खोटं बोलत्यात."

"मग आता?"

"आता काय." त्यानं हातातला डबा बाजूला ठेवला. "इतकी वर्सं मला वाटत हुतं तुमी ऐकलंत आन् मारलंत. आता कळलं ऐकलंच न्हाई. कशाचं जास्त वाईट वाटून घ्यायचं, त्येच कळंना झालंय."

"तू परत वाजव," तात्याबा म्हणाला. "मी बेंजो आणून देतो. बाळासोला सांगतो."

"नगं, आबा. हात गेला त्यो गेला. घरात टेप वाजतो, तेवढं बास हाय मला." आणि मग जरा वेळानं, "तुमी नगा मनाला लावून घेऊ."

एस्टी लागली. शंभूनं खिडकीजवळची जागा धरून दिली आणि कंपनीच्या बसकडं पळाला. तात्याबा खिडकीतून निळा शर्ट दिसेनासा होईपर्यंत बघत बसला. मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. ते झालं नाही. फक्त आता त्यानं काय केलं होतं ते दोघांनाही सारखंच माहीत होतं.

बानूबाई दारात होती. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि या वेळी आत न जाता तांब्याभर पाणी आणून दिलं.

त्या चैत्रात शंभू बायको-पोरीला घेऊन जत्रेला आला. दरवर्षी रजा नाही म्हणायचा, त्या वर्षी आला. पोरांनी बाळासोकडूनच एका टेंपोवर मोठाले साउंड बांधून आणले होते. पालखी टेकली, गजी थांबली. आता ढोल सोळाचे नऊ राहिले होते. टेंपो पुढं आला आणि जे काही सुरू झालं त्यानं लिंबाची पानं थरथरली. हौसरावानं तात्याबाकडं बघितलं आणि हातानं खूण केली, उठायचं का? त्याचे डोळे चमकत होते. तात्याबानं मान हलवली आणि ढोल लिंबाला टेकवून ठेवला.

"दमला काय?" हौसराव कानात ओरडला.

"व्हय. दमलो," तात्याबा म्हणाला. टेंपोतलं गाणं संपेपर्यंत तो बसून राहिला. मधे गुडघा चोळायचं निमित्त करून खाली बघत होता, कारण समोर सोनम नाचत होती आणि तिच्यामागून शंभू त्याच्याकडंच बघत होता.

संध्याकाळी ओट्यावर जेवायला बसले. बानूबाईनं पुरणपोळीवर तूप वाढलं. शंभू बापाच्या डाव्या बाजूला बसला, ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला. दोन घास झाल्यावर तो वाकला.

"आबा, मघाशी तुमी माझ्यासाठी थांबलात का?"

तात्याबानं पोळीचा तुकडा मोडला.

"थांबायला नगं हुतं," शंभू म्हणाला. "त्या पोरांचं गाणं लई भिकार हुतं. ह्येच्यावर ढोल हाणायलाच पायजे हुता."

"पप्पा!" सोनम ओरडली. "ते सगळ्यात भारी गाणं होतं!"

तात्याबाला हसू फुटलं. हसता हसता त्याला जाणवलं, की दौंड सोडल्यापासून आज पहिल्यांदाच शंभूनं त्याच्यासमोर कुठल्या गाण्याला बरं-वाईट म्हटलं. त्यानं ताट थोडं पुढं सरकवलं, तोंड पुसायच्या निमित्तानं उपरणं डोळ्यांवरून फिरवलं आणि बानूबाईला म्हणाला, "त्येला आणखी एक वाढ."

शंभू आणि सोनमचं भांडण तोवर चांगलंच पेटलं होतं. तात्याबाला त्यातलं अर्धंच ऐकू येत होतं, तरी तो कान पुढं करून बसला.